डाळिंबी कोट काढणार नाही

मंदे, तुझा शेवटचा हुकूम मी मोडला आहे. आधीच सांगून टाकते. तू चिडशील, पण तुझ्या चिडण्याला मी शाळेत असल्यापासून भ्याले नाही, आता कुठे भिऊ.

माझ्या घरातल्या पुढच्या खोलीत, कॉटवर पडल्यापडल्या तू म्हणालीस, "निम्मे, तो डाळिंबी कोट दालनातून काढ. त्याचं आता काही होत नाही. बाकीचे कपडे नासतील." तुला दम लागला होता, अर्धं वाक्य बोललीस की थांबायचीस. मी हो म्हणाले. आजारी माणसाला हो म्हणतात म्हणून म्हणाले. मनात तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. कोट कॉलेजातच आहे. राहणार आहे. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे, तुलासुद्धा.

तू गेल्यावर भेटायला येणारे तुझ्या नोकरीबद्दल बोलतात. मोठ्या शहरातलं म्युझियम, काचेच्या कपाटातले शालू, परदेशात घेतलेलं शिक्षण. मी चहा देते आणि ऐकून घेते. त्यांना काय माहीत, निवृत्तीनंतर तू इथं चिखलीला परत आलीस आणि कॉलेजच्या मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये वस्त्रदालन काढलंस, तेव्हा पहिल्यांदा काय आणलंस ते. लोकांना वाटलं पैठण्या येतील, जरीचे फेटे येतील. आणि तू पोत्यातून बाहेर काढलंस काय, तर कोणाचा तरी प्लास्टिकचा रेनकोट, बँडवाल्याचं चकाकणारं जाकीट, वर प्लास्टिकचा हात दिल्यानं कायम ओला वाटणारा एक काळा ब्लाउज, आणि एक रेक्झिनची पर्स जिचा पट्टा हातालाच चिकटून आला. संस्थेचे अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, बाई, या मॅडम भंगाराच्या दुकानातून आल्या का? मी म्हटलं, त्यांनाच विचारा. त्यांची हिंमत झाली नाही.

तू मात्र त्या दिवशी सगळ्यांना उभं करून समजावलंस. रेशमाला कसर लागते, उंदीर लागतात, पण हे सगळे शत्रू बाहेरचे, त्यांना दाराबाहेर ठेवता येतं. प्लास्टिक चढवलेल्या कापडाचा शत्रू त्याच्या आतच असतो. रेक्झिन म्हणजे खाली सुती कापड आणि वर प्लास्टिकचा थर. तो थर मऊ राहावा म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घालतात. वर्षं गेली की ते द्रव्य बाहेर झिरपायला लागतं. कपडा आधी चिकट होतो, मग ताठ होतो, मग त्याला भेगा पडतात. आणि जाता जाता अशी आंबट वाफ सोडतो की शेजारच्या ब्लाउजचे हूक गंजून जातात. हे बरं होत नाही, तू म्हणालीस, फक्त हळू करता येतं. अध्यक्ष म्हणाले, मग ठेवायचं कशाला? तू म्हणालीस, कारण आपण हेच घालत होतो.

हे तुझं उत्तर मी विसरले नाही. तू विसरलीस. शेवटी शेवटी तू विसरलीस, आणि म्हणून तर मी तुझ्याशी भांडते आहे.

हळू करण्याची तुझी एकेक तऱ्हा बघून मला आधी हसू यायचं. घडी घालायची नाही, घडीवर भेग पडते. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही. आपल्या आया ठेवायच्या तसं मऊ सुती लुगड्यात तर मुळीच गुंडाळायचं नाही, कारण सूत ते तेलकट द्रव्य शोषून घेतं आणि कपड्याला चिकटून बसतं. बाही बाहीला लागू नये म्हणून मध्ये तो तुझा निसटता, गुळगुळीत कागद. खांद्याला गादी केलेले हँगर, आणि ती गादी आपण दोघींनी तुझ्या गॅलरीत बसून शिवली, माझे टाके तू उसवून पुन्हा घातलेस. मी जन्मभर गणित शिकवलं, शिवण नाही, असं म्हटलं तर म्हणालीस, दिसतंय.

आणि तो कूलर. आपल्या इकडच्या माणसाला उन्हाळा म्हटला की कूलरशिवाय दुसरा उपाय सुचत नाही. अध्यक्षांनी उद्घाटनाला भलामोठा कूलर आणला, हार घातलेला, वाळ्याचे पडदे लावलेला. तू पाहुण्यांसमोर त्याचं बटण बंद केलंस. ओल नको, थंड हवं, म्हणालीस, ओलीनं यातला निम्मा माल वर्षभरात पिठासारखा गळेल. अध्यक्षांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढे तो कूलर कॉलेजच्या कँटीनमध्ये गेला. त्याच्या वाऱ्याला बसून भजी खाताना तू अध्यक्षांचे आभार मानलेस, तेही मनापासून. अशी तू.

आता कोटाचं बोलते.

धाड गावी बाजाराच्या दिवशी आपण एसटीनं गेलो होतो, आठवतं? जुने कपडे कोणाकडे आहेत विचारत फिरत होतो. कोणीतरी जवळच्या गावातल्या कमलबाईंचं नाव सांगितलं. विहाराच्या मागे घर. "जयभीम, या बसा," म्हणाल्या आणि आपण बसायच्या आधीच म्हणाल्या की चहा आहे पण साखर नाही, चालत असेल तर सांगा. भिंतीवर लग्नांचे फोटो होते, त्यांच्या घरचे आणि शेजारपाजारचेही. तू चष्मा सारखा केलास आणि माझा दंड इतक्या जोरात धरलास की वळ उठला. प्रत्येक फोटोत नवरदेव वेगळा आणि कोट तोच. डाळिंबी रंगाचा, पांढऱ्या गोटाचा, चकचकीत. एकाला बाह्या मनगटाच्या वर, दुसऱ्याचे खांदे उतरलेले, तिसऱ्याचं पोट बटणात मावत नाही. पण कोट तोच.

तो कोट कमलबाईंच्या नवऱ्यानं शिवलेला. ते धाडला जीपच्या सीटा शिवायच्या दुकानात कामाला होते. सीटांसाठी आलेल्या डाळिंबी रेक्झिनमधून मालकाला सांगून कापड घेतलं आणि स्वतःच्या लग्नासाठी कोट बेतला, सीटा शिवायच्या जाड सुईनं. ऐन मे महिन्यात लग्न. कोट काढला तेव्हा आतलं बनियन पिळून वाळत घालावं लागलं, असं सांगताना कमलबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तू परत येताना एसटीत पाटीचा मजकूर तयार केलास. गरिबीमुळे वस्तीतल्या सर्वांनी मिळून वापरलेला एकच कोट, असा काहीसा. पुढच्या खेपेला कमलबाईंना वाचून दाखवलास. त्या म्हणाल्या, "गरिबी होती, नाई म्हनत नाई. पन कोट त्याच्यापायी नाई घालत जाऊ बाई. ह्यायची वरात मारुतीच्या पारावरून वाजत गेली. आमच्या वस्तीची त्याच्या आंधी कोनाचीच गेली नव्हती. तवापासून जो नवरदेव झाला, तो म्हने, मी त्याच कोटात जातो."

पुढे पुढे तर त्यातल्या काही पोरांना नोकऱ्या लागल्या, बुलढाण्याहून शिवून आणलेले सूट त्यांच्या घरी होते. तरी वरातीला हाच. तू कागद तिथंच फाडलास आणि तुकडे पर्समध्ये घातलेस. परतताना धाडच्या स्टँडवर एकदम फुटलीस, शहरात शिकलेली सगळी भाषा सोडून, "निम्मे, मी येवढी शिकली अन् मले येवढं दिसलं नाई?" मला तेव्हा तू फार आवडलीस. कधी सांगितलं नाही, आता सांगते.

मग तेलाचं कळलं. वरातीच्या आधी नवरदेवाची करवली खोबऱ्याचं तेल बोटावर घेऊन कोटाला लावायची, कॉलरपासून खालपर्यंत, चकाकी यावी म्हणून. हा मान करवलीचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. प्रत्येक लग्नात. तू डोकं धरून बसलीस. रेक्झिनला तेल म्हणजे आगीत तेल, असं म्हणालीस आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसलीस. कॉलर सगळ्यांत चिकट, कारण सुरुवात तिथून आणि तेलही तिथंच जास्त.

त्या कॉलरवरून आपलं जे जुंपलं ते संपलंच नाही. तुझं म्हणणं, वरचं तेल आणि त्यात बसलेली धूळ जमेल तितकी हलक्या हातानं काढावी, म्हणजे कोट चार वर्षं जास्त टिकेल. माझं म्हणणं, ती धूळ त्या वरातीची आहे, ते तेल त्या बहिणींचं आहे, ते काढून तू टिकवणार काय, सीटचं कापड? तू म्हणायचीस, मला भावना शिकवू नकोस, मला कपडा राखायचाय. मी म्हणायचे, तुला कपडा राखता येतो, कोट राखता येत नाही. दोन दोन दिवस बोलायचो नाही. मग तू भरल्या वांग्याचा डबा घेऊन दारात उभी. कॉलरला तू शेवटपर्यंत हात लावला नाहीस. माझं पटलं म्हणून नाही, ते मला ठाऊक आहे. पटलं नव्हतंच.

कमलबाई अधूनमधून जीपनं यायच्या, कोट बघायला. नातेवाईक दवाखान्यात असावा तशा यायच्या. आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, कोरडा पडला व मंदाबाई, जरासं तेल लाव. एकदा तू चहा सांगायला बाहेर गेलीस आणि परत आलीस तर बाई पदराआडून छोटी बाटली काढून कॉलरला बोट फिरवत होत्या. तू अशी ओरडलीस की ग्रंथालयातली पोरं धावत आली. कमलबाईंनी बोट शांतपणे स्वतःच्या केसांना पुसलं. माह्या हातानं त्याले आजवर काही झालं का, म्हणाल्या. तू त्यांना बाहेर काढशील असं मला वाटलं. तू खुर्ची पुढे केलीस, चहा दिलास, आणि त्या गेल्यावर दालनाला नवं कुलूप लावलंस. नंतरच्या भेटीला त्यांचा हात हातात धरून त्यांना आत नेलंस, आणि पूर्ण वेळ तो सोडला नाहीस. प्रेम म्हणावं की पहारा, ते तुमचं तुम्हाला माहीत.

गेल्या उन्हाळ्यात पत्रे तापले आणि कोटानं हाय खाल्ली. बाहेरून थेंब थेंब दिसायला लागले. पाठीवर भेग गेली. शेजारच्या काळ्या ब्लाउजचे हूक गंजून त्याच्यावर तपकिरी डाग पडले. तू कोट दालनातल्या दालनात लांब टांगलास, खिडकीपाशी नेलास, परत आणलास. बुलढाण्याला वर हवा थंड असते म्हणून तिथं कोणी जागा देईल का विचारून आलीस. सगळ्यांनी चहा पाजला, जागा कोणी दिली नाही. त्याच दिवसांत तुझं स्वतःचं दुखणं निघालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन जे बोलले ते तू दाराआडून ऐकलंस, आणि घरी येताना रिक्षात कोटाबद्दलच बोलत राहिलीस. मी बाहेर रस्त्याकडे बघत होते. मला रडायचं होतं आणि तू मला आंबट वाफेबद्दल सांगत होतीस. राग आला होता मला तुझा. अजून आहे.

मग तू माझ्याकडे राहायला आलीस, आणि मग तो हुकूम.

तुझी शोकसभा त्या पत्र्याच्या हॉलमध्येच झाली. तुझा फोटो, त्याला हार, आणि वरून घाम. अध्यक्ष चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. दालनाला तुझं नाव देऊ म्हणाले. आणि त्याच दमात म्हणाले की मॅडमच्याच इच्छेप्रमाणे खराब झालेल्या वस्तू काढून टाकू, तो जीपच्या सीटचा कोट वगैरे, म्हणजे दालन शोभिवंत होईल. तुझी इच्छा त्यांना कशी कळली? तूच त्यांना फोन केला होतास, मी दूध तापवायला आत गेले तेव्हा. माझ्यावर भरवसा नव्हता तुझा. बरोबरच होतं म्हणा.

मी उठणार होते. पाठही केलं होतं काय बोलायचं ते. पण माझ्या आधी मागच्या रांगेतून कमलबाई उठल्या. सकाळच्या जीपनं आल्या होत्या. माइक कोणी दिला नाही, त्यांना लागलाही नाही. म्हणाल्या की मंदाबाई कोट न्यायला आली त्या दिवशी तिनं एक गोष्ट सांगितली होती, निर्मलाबाई, म्हणजे मी, तेव्हा रस्त्यावर जीप बघायला गेल्या होत्या.

"ती मले म्हने, कमलबाई, खोटं नाई सांगत, हा कोट वाचनार नाई. कितीबी केलं तरी जाईन. इचार करून दे. म्या म्हटलं, माह्या पेटीत एकटा जाऊन राह्यला. तुह्याकडं दहा मानसं पाह्यला तरी येतीन. वाचत नसन त नको वाचू. पन मरन त मानसाइत मरू दे. अन् तिनं माह्या हाताले हात लावून हाव म्हटलं."

आणि मंदे, मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं आपण भांडलो, कॉलरवरून, तेलावरून, पाटीवरून, आणि तू हा शब्द देऊन बसली होतीस ते मला बोलली नाहीस. टिकवायचा शब्द तू दिलाच नव्हतास. जाईपर्यंत सोबत ठेवायचा दिला होतास. मग स्वतः जायची वेळ आल्यावर तो मोडायला कशी निघालीस ग? बाकीच्या कपड्यांची काळजी होती, मान्य. तू घाबरली होतीस, तेही मान्य. पण दिलेला शब्द दिलेला असतो.

मी उठले आणि एवढंच म्हणाले की मॅडमचं म्हणणं निम्मं खरं आहे, हा कोट बाकीच्यांजवळ ठेवता येणार नाही. त्याला वेगळी खोली हवी, थंड आणि कोरडी. अख्ख्या कॉलेजात अशी खोली एकच आहे, एसी असलेली. सगळ्यांनी अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी छताकडे. माझी केबिन? म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही मीटिंगपुरते येता, कोट कायम राहील. ते म्हणाले की त्या खोलीत पाहुणे बसतात, मंत्री आले तर कुठे बसवू. कमलबाई म्हणाल्या, कोटाजवळ बसवा, फोटो चांगला येतो. हसू फुटलं आणि त्या हशात त्यांना नाही म्हणता आलं नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी नाही म्हणायला शिपाई पाठवला होता त्यांनी. पण तोवर मी कोट आत टांगून, भिंतीपासून मोकळा, बाह्यांमध्ये तुझा कागद घालून, वरची खिडकी वास जाण्यापुरती किलकिली ठेवून खुर्चीत बसले होते. म्हटलं, साहेबांना सांगा, मला उठवायला स्वतः या. ते आले. दारात उभे राहून कोटाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले की धाडकडच्या त्या वरातीचं आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. कसं ऐकलं होतं ते नाही सांगितलं, मीही विचारलं नाही. आता ते व्हरांड्यात टेबल टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला केबिन का सोडली ते स्वतःहून सांगतात. सांगण्यात थोडी बढाई असते. असू दे.

रोज जाते मी. लाइट गेली की उत्तरेची खिडकी उघडते, आली की पुन्हा किलकिली करते. जुने नवरदेव येतात, आता केस पिकलेले, पोटं सुटलेली. नातवंडांना घेऊन येतात आणि हात मागे बांधून उभे राहतात. करवल्याही येतात. हात कोणालाच लावू देत नाही, कमलबाईंनाही नाही. तेल लागायचं नाही आणि निघायचंही नाही. कॉलर आहे तशी राहील. एवढ्यात मी जिंकले असं समजू नकोस, तुझ्या म्हणण्याचं निम्मं मी रोज करते. आणि तुझ्यासारखे बारीक टाके मला आजही येत नाहीत. हँगरची गादी पुन्हा उसवली तेव्हा समोर धरून बसून राहिले, कोणाला दाखवावी ते सुचेना.

काल डाव्या बाहीवर नवी भेग दिसली. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ, मी सांगत होते, जाणार तो, कशाला अट्टाहास. जाणार, मला कळतं. मी गणिताची बाई आहे, उणं होत जाणारं मला दिसतं. पण तुझ्या त्या म्हणण्यावर माझ्याकडे एक उत्तर आहे, आणि ते तू कॉटवर असताना माझ्या तोंडातून निघालं नाही, म्हणून आज लिहिते. यातून वाचणार नाही, हे डॉक्टरांनी तुझ्याबद्दलही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून काय मी तुला घरातून काढलं होतं?